दुभाजकातली भाजावळ

आमच्या रस्त्याच्या दुभाजकाला आग मी लावली. वसाहतीत ही गोष्ट आता चहाबरोबर सांगितली जाते आणि लोक हसतात. सांगणारे माझी लाज राखायची म्हणून "आपण लावली" असं म्हणतात. ते खरं नाही. कल्पना माझी होती, काडी माझ्या हातात होती आणि "काही होत नाही" हे शब्दही माझेच होते. पुढे जे झालं त्याची शरम मला आहे आणि राहील. पण त्या शरमेचा उपयोग करून कुणी ती माती आमच्याकडून काढून घ्यावी, हे मला तेव्हा मान्य नव्हतं आणि आजही नाही.

आमची वसाहत सड्यावर, कातळाच्या उघड्या पठारावर, आहे. पालीकडून येणारा मोठा रस्ता सोडला की एक फाटा आमच्या दारावरून खाली बंदराकडे उतरतो. काही वर्षांपूर्वी तो रुंद झाला आणि त्याच्या मधोमध दुभाजक आला. दोन्ही कडांना काळे-पिवळे पट्टे मारलेले दगड, मध्ये एक माणूस आडवा झोपेल एवढी मातीची पट्टी, थोड्या थोड्या अंतरावर दिव्यांचे खांब. उद्घाटनाला रोपं लावली गेली, त्यांच्याशेजारी उभं राहून फोटो काढले गेले, आणि पुढच्या उन्हाळ्यात ती उभ्या उभ्या वाळली. पावसाळ्यात रानमोडीचं तण आलं. मग गवत, घाणेरी, शहाळ्यांची टरफलं, बाटल्या, लग्नाच्या पंगतीतल्या पत्रावळींनी भरलेली पोती. बघता बघता ते रान माणसाच्या डोक्यावर गेलं. तिठ्यावर रस्ता ओलांडायला दुभाजकात फट ठेवली आहे, तिथे पलीकडून येणारी गाडी अंगावर येईपर्यंत दिसायची नाही.

आम्ही सगळे याबद्दल बोलायचो. बोलण्यात आम्ही कधी कमी पडलो नाही.

काम सुरू केलं सिस्टरनी. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या या बाई वसाहतीच्या टोकाला एकट्या राहतात. त्यांना सगळे सिस्टरच म्हणतात. तिठ्यावर एका मोटरसायकलने त्यांच्या पिशवीला धडक देऊन भाजी रस्ताभर उधळली, त्यानंतरच्या रविवारी सकाळी त्या कोयती घेऊन आल्या आणि फटीच्या बाजूचं रान तोडायला लागल्या. जुनी साडी, वरून नवऱ्याचा फुलशर्ट, डोक्याला टॉवेल. मी गॅलरीत चहा पीत बघत होतो. मनात म्हटलं, कुणीतरी हे करायलाच हवं होतं. "कुणीतरी" हा शब्द मी आयुष्यभर असाच वापरला आहे.

पुढच्या रविवारीही त्या आल्या. मी पुन्हा गॅलरीत. बायको मागून म्हणाली, "बघून झालं असेल तर खाली जा, नाहीतर आत या. मध्येच उभे राहू नका."

मी खाली गेलो. सिस्टरनी आभार वगैरे मानले नाहीत. पहार हातात दिली आणि रानमोडीचं मूळ कुठे धरायचं ते दाखवलं. म्हणाल्या, गावच्या विहाराची भिंत आम्ही बायकांनी चिरे डोक्यावर वाहून उभी केली, तेव्हाही पुरुष आधी गॅलरीतच होते, फक्त आमच्याकडे गॅलरी नव्हती, बांध होता.

थंडी संपेपर्यंत आम्ही दहाबारा जण झालो होतो. माझी बायको, शेजारचे दोघे भाऊ, तिठ्यावरचा एक रिक्षावाला. रान काढल्यावर कळलं की खाली माती नाहीच. रस्ता करताना उरलेले चिऱ्यांचे तुकडे, डांबराचे गोळे, सिमेंटचे ढेकूळ, सगळं त्यात ढकलून वर बोटभर माती पसरलेली होती. त्यात कुठलं झाड जगणार? आम्ही ते सगळं काढलं. रिक्षावाल्याचं गाव पालीच्या पुढे. तो दर खेपेला मागच्या सीटवर मातीची दोन पोती घालून आणायचा आणि त्यांना "पाहुणे" म्हणायचा. आज पाहुणे आलेत, उतरवून घ्या.

तिठ्याच्या कोपऱ्यावर संध्याकाळी एक मावशी मासे घेऊन बसते. तिचं माहेर हर्णेचं. तिथल्या मासळीच्या लिलावाच्या गलक्यात वाढलेला तिचा आवाज रस्त्याच्या पलीकडे विनासायास जातो. तिने कधी पहार धरली नाही. ती बसल्या जागेवरून आमच्यावर देखरेख करायची. मी खाली वाकलो की ओरडायची, "भाऊ, कंबर सांभाळा, वैनी रागावतील." माशांचं धुतलेलं पाणी मात्र ती आधी गटारात ओतायची ते आता बादलीत साठवून आम्हाला द्यायला लागली. त्या पाण्याने सिस्टरनी फटीजवळ लावलेली जास्वंद अशी धरली की मावशी तिला "माझी सून" म्हणायला लागली.

मग शिमगा झाला.

शिमगा झाला की आमच्या गावी वडील भाजावळीला लागायचे. ज्या वाफ्यात पावसाआधी भाताचं किंवा नाचणीचं रोप पेरायचं, त्याच्यावर शेण पसरायचं, त्यावर झाडांच्या तोडलेल्या फांद्या, त्यावर वाळका पातेरा, वर पातळ मातीचा थर, आणि मग वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने आग द्यायची. धगधग पेटत नाही, धुमसत जातं. तणाचं बी जळतं, राख मुरते, जमीन भुसभुशीत होते. असा भाजलेला वाफा म्हणजे राब. लहानपणी तो धूर नाकात गेला की आंबे आता पिकणार एवढं मला कळायचं. नोकरीसाठी रत्नागिरीत आलो, वडील गेले, वाफे भावकीकडे गेले. कित्येक वर्षांत मी भाजावळ केली नव्हती.

दुभाजकात आम्ही काढलेल्या रानाचे ढीग वाळून पडले होते. त्यात रानमोडीचं बी ठासून भरलेलं. पावसात ते पुन्हा उगवणार, सगळी मेहनत पाण्यात. मी म्हटलं, आपण भाजावळ करू.

एकानेही शंका काढली नाही, आणि हेच मला आजही आश्चर्याचं वाटतं. उलट सगळ्यांचे चेहरे उजळले. प्रत्येकाच्या मागे कुठे ना कुठे एक वाफा होता. एकाने आजोबांचं सांगितलं, एकीने मामाचं. सिस्टरनी विचारलं फक्त, जास्वंदीला धग लागणार नाही ना. तेवढा भाग सोडू म्हटलं. रिक्षावाला शेणी आणि फांद्या घेऊन आला. आम्ही सगळे शिकलेले, पगारदार, बिलं वेळेवर भरणारे लोक, आणि आम्ही डांबरी रस्त्याच्या मधोमध, विजेच्या खांबांमध्ये, राब भाजायला निघालो होतो. कारण गावी आग जमिनीच्या खाली जात नाही हे आम्हाला ठाऊक होतं. इथे जमिनीच्या खाली काय आहे ते मात्र विचारायला हवं होतं, आणि ते विचारण्याचं काम माझं होतं.

रविवारी सकाळी मी काडी लावली. बायको म्हणाली, खांबांजवळ जरा जपून. मी म्हटलं, "काही होत नाही."

तासभर सगळं वडील करायचे तसंच झालं. धूर खाली बसून हळूहळू पुढे सरकत होता. मग खाऱ्या वाऱ्याने तोंड फिरवलं. धुमसणारं पेटलं. एका खांबाच्या बुंध्याशी झाकण नसलेली पेटी होती, तिच्यातून आधी काळा धूर आला, मग तडतड आवाज. आम्ही बादल्या घेऊन धावलो, पण विजेवर पाणी ओतायचं की नाही यावर तिथेच वाद सुरू झाला. रिक्षावाल्याने घमेल्याने माती टाकून ते विझवलं. रस्त्यावरच्या गाड्या हॉर्न वाजवत धुरातून जात होत्या. आम्ही खोदलं नव्हतं त्या खांबांच्या ओळीत दिव्यांची केबल एका विताच्या खोलीवर, पाइपशिवाय, नुसती पुरलेली होती. खांबामागून खांब ती भाजून निघाली होती.

संध्याकाळी आमचा रस्ता काळोखात गेला. तिठ्यापासून शाळेच्या वळणापर्यंत एकही दिवा नाही.

केबल इतक्या वर पुरणाऱ्याची चूक होती हे खरं आहे. मी ते कित्येकांना तावातावाने सांगितलंही. पण तिसऱ्या संध्याकाळी मावशी पाटी डोक्यावर घेऊन घरी निघाली, काळोखात तिला दुभाजकाचा दगड दिसला नाही, आणि ती पडली. उजवं मनगट मोडलं. मी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं तेव्हा पूर्ण रस्ताभर ती तिच्या बांगड्यांबद्दल बोलत होती. बांगडे रस्त्यावर सांडले होते, कुणी उचलले का, मांजरं आली असतील, असं. हाताबद्दल एक शब्द नाही. प्लास्टर घालून बाहेर आल्यावर मी माफी मागायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "आता बोलू नका. मला राग येल नि हात उचलवायचा नाय."

त्यानंतर केबल किती खोल पुरलेली होती, हे मी कुणाला सांगितलं नाही.

रस्ता ज्यांच्या ताब्यात होता त्या कार्यालयातून एक इंजिनिअर साहेब आले. तरुण होते, देशावरचे, बोलायला सभ्य. त्यांनी जळालेली पट्टी पाहिली, राख बुटाने उकरली आणि विचारलं, हे पेटवायचं कारण काय? मी भाजावळ समजावून सांगितली. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "रस्त्यात?"

पण ते तेवढ्यासाठी आले नव्हते. दुभाजकाचा आराखडा आधीच तयार होता. तिठ्यापासून खालपर्यंत सगळी पट्टी काँक्रीटने भरून घ्यायची आणि तिच्यावर ठरावीक अंतराने फायबरचे मोठे हापूस आंबे बसवायचे. रात्री ते आतून पेटणार. पर्यटकांना गाव लक्षात राहील. काँक्रीटबरोबर नवी केबलही जाणार होती, म्हणून दिव्यांची दुरुस्ती वेगळी करणार नव्हते. पावसाआधी काम होईल, तोपर्यंत काळोख. आणि आमच्यासाठी एक सोपी वाट होती. मी लिहून द्यायचं की झालेल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे, यापुढे दुभाजकात पाय ठेवणार नाही, आणि कामाला हरकत घेणार नाही. मग तक्रार होणार नाही.

वसाहतीची बैठक झाली. बहुतेकांचं म्हणणं होतं, द्या लिहून. मुलं क्लासवरून काळोखात येतात. एक बाई पडली. उद्या आणखी कुणी पडेल. माती काय, आंबा काय, दिवे आले म्हणजे झालं. यातलं काहीच खोटं नव्हतं. आग लावणाऱ्याने कुठल्या तोंडाने नाही म्हणायचं? मी म्हटलं, देतो लिहून. माझ्या चुकीने झालंय, मीच सही करतो. कोपऱ्यात बसलेल्या सिस्टरकडे मी बघितलं नाही. त्या उठून गेल्या ते मात्र दिसलं.

दुसऱ्या दिवशी साहेब मावशीकडे गेले. नागरिकांच्या परस्पर हस्तक्षेपामुळे अपघात झाला, अशी तिची तक्रार मिळाली असती तर कामाला जोर आला असता. मीही बरोबर गेलो. मीच तिला सांगणार होतो की मावशी, दे तक्रार, तुझा हक्क आहे. तसं मी सांगितलं देखील.

ती कोपऱ्यावर बसली होती. तिची खरी सून मासे कापत होती, मावशी डाव्या हाताने माश्या वारत होती. तिने साहेबांचं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळली.

"हात माझा मोडला. तुमचा कशाला पाय मातीतनं निघाला?"

मी काहीतरी पुटपुटलो. दिवे लवकर येतील, वगैरे.

"दिवा पण पायजे नि माती पण पायजे," ती म्हणाली. "एक देतो तर दुसरं सोडा, असा लिलाव आमच्यात होत नाय. साहेब, दिवा लावा. मी मागत नाय, सांगतंय." आणि मला म्हणाली, "तुमाला येवडा वाईट वाटतंय ना? मग रोज सांजचे इथं यायचं. पाटी उतरवायची, बत्ती धरायची. लिहून काय देता?"

साहेबांनी फाइल बंद केली. मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं, कुणीतरी तुम्हाला काम दिलं.

मग मी रोज संध्याकाळी माझ्या ऑफिसातून सुटलो की कोपऱ्यावर जायला लागलो. रिक्षातून पाटी उतरवायची, बर्फाचं पाणी पाझरून शर्टावर यायचं ते येऊ द्यायचं. चार्जिंगची बत्ती दोन्ही हातांनी धरून गिऱ्हाइकाला मासा दिसेल असं उभं राहायचं. पहिल्या दिवशी ओळखीचे लोक माझ्याकडे न बघता बांगडे बघत होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मावशीने माझं नाव ठेवलं. मी लांबून येताना दिसलो की ती गिऱ्हाइकांना सांगायची, "थांबा, आमचा खांब आला." तेच नाव पुढे वसाहतीत गेलं. मला त्याचा राग आला नाही. सौंदाळा आणि पेडवा या माशांतला फरक मला त्या उन्हाळ्यात कळला. घरी गेल्यावर बायको शर्ट दोन बोटांत धरून बादलीत टाकायची.

बत्ती धरून उभं राहिल्यावर समोर दिसायचा तो जळालेला दुभाजकच. रोज तोच. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली. माझ्या मनात चूक आणि शिक्षा यांची गाठ बसली होती. मी आग लावली म्हणून काँक्रीट घालावं, हे मला न्यायाचं वाटत होतं. पण काँक्रीट माझ्या अंगावर पडणार नव्हतं. ते सिस्टरच्या जास्वंदीवर पडणार होतं. स्वतःला शिक्षा करून घेण्याच्या घाईत मी दुसऱ्यांचं काढून देत होतो. मी सिस्टरकडे गेलो आणि सही केली नाही, करणारही नाही, असं सांगितलं. त्या विळीवर फणस फोडत होत्या. म्हणाल्या, तेल आणा, हाताला चीक लागलाय.

मे महिना संपत आला. काँक्रीट येणार अशी बातमी रिक्षावाल्याने आणली. संध्याकाळी कोपऱ्यावर चौघे-पाच जण जमलो, काय करावं कुणाला सुचेना. अर्ज करा, वरच्या साहेबांना भेटा, असं चाललं होतं. मावशीचं प्लास्टर निघालं होतं. बारीक झालेलं मनगट चोळत ती म्हणाली, "राब भाजलात ना? मग पेरा. भाजलेला राब रिकामा कोण ठेवतो? आमी दर्यावरची माणसं, पण येवडा आमाला पण कळता."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. कोकणात मिरगाच्या आधी कोरड्या मातीत बी टाकून ठेवतात, त्याला धूळवाफ म्हणतात. पाऊस आला की ते आपोआप उगवतं. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, आणि तरी ते कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. बायकोने माहेरून नाचणीचं बी मागवलं. भल्या पहाटे आम्ही जळालेली सगळी पट्टी कुदळीने हलवली, राख मातीत मिसळली आणि नाचणी पेरली. यात डाव होता हे मी लपवत नाही. पण मुठीतून बी सुटताना त्या डावाची आठवण राहिली नाही, हेही खरं आहे. पेरून झाल्यावर दुभाजक होता तसाच दिसत होता, नुसती काळपट माती.

दोन-तीन दिवसांनी सकाळी ते आले. पुढे मुकादम आणि पाच-सहा माणसं, मागे काँक्रीटची फिरती टाकी घेऊन मोठी गाडी. आम्ही दुभाजकाच्या कडेच्या दगडांवर रांगेने बसलो होतो, पाय रस्त्याकडे सोडून, म्हणजे मातीवर कुणी बसायला नको. सिस्टर फटीजवळ उभ्या होत्या. मुकादम सावर्ड्याकडचा होता. त्याने नमस्कार केला आणि म्हणाला, जरा बाजूला व्हा, गाडी लावायची आहे.

सिस्टर म्हणाल्या, "पेरलंय."

मुकादम मातीकडे बघत राहिला. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. त्याचा एक माणूस पट्टीत पाय टाकणार होता, त्याला त्याने हाताने मागे घेतलं. मग फोन लावला. आम्हाला त्याचं एकच टोक ऐकू येत होतं. "साहेब, पेरलेलं आहे. ... नाही, उगवलेलं नाही. पेरलेलं. ... नाचणी, म्हणतात. ... दिसत नाही साहेब, पण पेरलेलं आहे." शेवटी तो कंटाळून म्हणाला, "तुम्हीच या."

साहेब आले. ते चिडले होते आणि त्यांना चिडायचा हक्क होता. पोलिसांना बोलावतो म्हणाले. मी उभा राहिलो. मी म्हटलं, "केबल मी जाळली. तसं आत्ता लिहून देतो, तक्रार करा, दंड करा, सगळं मान्य. मावशी माझ्यामुळे पडली, तेही लिहितो. पण मी चुकलो म्हणून ही जमीन तुमची होत नाही."

"तुमची तरी कशी होते?" साहेबांनी विचारलं.

"आमचीही नाही. आम्ही फक्त पेरलंय."

मागे टाकी गरगरत होती. त्या आवाजात मुकादम साहेबांच्या जवळ जाऊन सांगायला लागला की माल फार वेळ थांबणार नाही, ऊन चढतंय, टाकीत घट्ट झाला तर त्याच्या मालकाला तो फोडून काढावा लागेल. पोलीस यायचे, समजूत घालायचे, तोवर सगळं संपलं असतं. साहेबांनी रस्त्याच्या उताराकडे बघितलं. शाळेच्या वळणाच्या पुढचा दुभाजक कुणाचाच नव्हता. "तिकडून सुरू करा," ते म्हणाले.

गाडी खाली गेली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत, कारण वळणाच्या पुढे एका बेकरीवाल्याने दुभाजकात बोगनवेल लावली होती, ती मला आठवली. तो एकटा होता. त्याच्यासाठी दगडांवर बसायला कुणी नव्हतं. दुपारपर्यंत ती काँक्रीटखाली गेली. आज तिथे फायबरचे आंबे आहेत. ते रात्री पेटतात आणि त्यांचा पिवळा उजेड वळणापर्यंत येतो. ही दुसरी गोष्ट आहे जी सांगताना लोक हसतात आणि मला हसू येत नाही. बेकरीवाल्याला मी जाऊन भेटलो. तो म्हणाला, तुम्ही मला हाक का मारली नाहीत? आता रविवारी तो आमच्याकडे येतो. काँक्रीटला चिरा पडायला लागल्यात, तिकडेही जायचंय आपल्याला, असं अधूनमधून सांगतो, आणि तो थट्टा करत नाही.

पाऊस सुरू झाला, आमच्या पट्टीचं काँक्रीट लांबलं, आणि भर पावसाळ्यात मला रस्त्याच्या कार्यालयात बोलावणं आलं. मोठ्या साहेबांसमोर बसवलं. दिव्यांचा प्रश्न अजून लोंबकळत होता. मी एक कागद लिहून नेला होता. आग मी लावली, केबल जळाली, एका बाईला इजा झाली, केबलची भरपाई माझ्याकडून घ्यावी, नवी केबल मात्र पाइपात घालून पुरेशी खोल पुरावी. मोठे साहेब वाचून म्हणाले, छान लिहिलंय, खाली फक्त एक ओळ वाढवा. तीच ओळ, दुभाजकात पाय ठेवणार नाही, ही. ती लिहिली की प्रकरण मिटलं.

मी म्हटलं, रविवारी बेणणीला जायचंय.

त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. मी चेष्टा करत नव्हतो, नाचणी खरंच बेणायला, तण काढायला, आली होती. मावशी बाहेर बाकावर बसली होती, ती आत आली. बरं झालेलं मनगट टेबलावर ठेवून तिने दिवे कधी लावणार ते विचारलं. तारीख ऐकल्याशिवाय ती उठली नाही.

दिवे गणपतीच्या आधी लागले. केबल पाइपात आहे, मी स्वतः उभं राहून बघितली. माझ्याकडून भरपाई घेतली गेली आणि ती घ्यायलाच हवी होती. पण प्रकरण मिटलेलं नाही. कार्यालयातून अजून अधूनमधून नोटीस येते आणि तिच्यात ती एक ओळ मागितलेली असते. बायको विचारते, देऊन टाकली तर काय होईल, कोण बघायला येतंय? बरोबर आहे, कुणी येणार नाही. सही करूनही मी रविवारी जाऊ शकेन.

पण मी काडी लावली हे मी लिहून दिलं. मावशीचा हात माझ्यामुळे मोडला हे लिहून दिलं. बेकरीवाल्याची वेल माझ्या डोक्यात आली नाही, हेही कुणी मागितलं तर लिहून देईन. माझ्या चुकांचा हवा तेवढा कागद त्यांनी घ्यावा. त्या मातीत पाय ठेवणार नाही, एवढं सोडून.